आवडीचा निवद

नेसरी
४ मार्च २०२३

कै. वर्षाराणीस,

मेलेल्या माणसाला फोन लागत न्हाई, म्हणून लिवून धाडतोय.

तू त्या मशीनवाल्याबरोबर कोल्हापुरात सही करून लगीन केलंस, ते कळलं त्याच दिवशी भावकी बोलावली. दाराम्होरं तुझी जुनी कापडं जाळली. तिसऱ्या दिवशी नदीकाठी रक्षाविसर्जन केलं. माणूस गेल्यावर आपल्यात जे जे करतात ते सगळं केलं, काय कमी ठेवलं न्हाई. मी मिशी उतरवली.

निवद मी स्वतः रांधला. गेलेल्या माणसाच्या आवडीचं ठेवायचं असतंय, आणि तुझी आवड माझ्याबिगर कुणाला ठाव हाय? तुझी आई गेली तवा तू तिसरीत हुतीस. तवापासनं चूल माझ्याकडं. हुलग्याचं माडगं केलं, फोडणीचा भात केला, काळं तीळ पेरून दहीभात केला, भाजक्या शेंगांची चटणी, भाकरी, आणि वर लिमलेटच्या गोळ्या ठेवल्या. पत्रावळीवर मांडलं आणि आम्ही सगळी लांब जाऊन बसलो.

कावळा आला न्हाई. ऊन डोक्यावर आलं तरी न्हाई. भावकी म्हणाली, काय तर इच्छा ऱ्हायली असंल, हात जोडून सांग. हात जोडून सांगितलं. तरी न्हाई. मग भावकीतला बाळासो म्हणाला, "शिवंल कसा, पोरगी जित्ती हाय की." आणि लोकं हसली. माझ्या पोरीच्या दिवसाला माझ्यासमोर लोकं हसली, वर्षा.

म्हणून हा डबा. पत्रावळीवरचंच उचलून भरलंय. कावळा शिवत न्हाई तर तू शिव. एक घास खाल्लास तरी निवद पोचला असं मी धरीन. दुधाच्या गाडीवरचा पिराजी डबा आणंल, उंबऱ्याबाहीर ठेवंल आणि मागं न बघता जाईल. त्याला पाणी विचारू नको. तू खाल्लंस की मी सुटलो. न्हाई खाल्लंस तर दर अमावास्येला डबा येत ऱ्हाईल. मी अजून लय जगणार हाय.

गणपतराव


कोल्हापूर
७ मार्च २०२३

आदरणीय आबा,

तुम्हाला आबा म्हणू का, हे आधी विचारायला हवं होतं. वर्षा म्हणते म्हणून मीही लिहिलं. आवडलं नसेल तर कळवा, बदलीन.

मी धवल. तुमच्या दूधसंस्थेतला कूलर दुरुस्त करायला यायचो, तेव्हा एकदा तुम्हाला लांबून नमस्कार केला होता. मी लहानाचा मोठा अनाथ मुलांच्या संस्थेत झालो, हे तुम्हाला कळलंच असेल. तिथे दर दिवाळीला आमच्याकडून देणगीदारांना आभाराची पत्रं लिहून घेत. काय मिळालं ते आधी लिहायचं, मग ते किती उपयोगी पडलं, आणि शेवटी पुढच्या वर्षीही आठवण ठेवावी ही विनंती. ज्या माणसांना कधी पाहिलं नाही त्यांना मी ढिगानं पत्रं लिहिली. आज मात्र मनापासून लिहितोय, त्यामुळे काय आधी लिहावं ते कळत नाही.

तुमचा डबा मिळाला. आमच्या लग्नानंतर आमच्या दारात आलेली ही पहिली वस्तू. वर्षानं डबा पाहिला, तुमची चिठ्ठी वाचली आणि गॅसवर धरून जाळून टाकली. काय लिहिलंय विचारलं तर "घरगुती आहे" एवढंच म्हणाली आणि आत जाऊन दार लावून बसली. माहेरचं जेवण आलं की मुलींना रडू येतं असं ऐकलं होतं, ते खरं निघालं. मी खूप आग्रह केला, पण तिनं काही तोंडात घातलं नाही. मग टाकवेना म्हणून मीच सगळं खाल्लं.

माडगं म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. शेवटी डबा बोटानं पुसून घेतला. काळे तीळ घातलेला दहीभातही पहिल्यांदा खाल्ला. आमच्याकडे मोठ्या पातेल्यात सगळ्यांना एकच असायचं, आणि कुणाला काय आवडतं ते विचारायची पद्धत नव्हती. एका मुलीला काय काय आवडतं ते लक्षात ठेवून तिच्यासाठी कुणी इतके पदार्थ करतं, आणि वर गोळ्याही ठेवतं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. गोळ्या मी खाल्ल्या नाहीत. तिच्यासाठी बाजूला ठेवल्यात.

पिराजीभाऊंना चहाला थांबा म्हणालो, पण ते वळूनही न बघता गेले. लाजाळू दिसतात. डबा रिकामा परत देऊ नये असं शेजारच्या काकू म्हणाल्या, म्हणून साखर घालून पाठवतोय.

तुमचा,
धवल


नेसरी
१५ मार्च २०२३

ए पावणं,

तू साखर घालून डबा धाडलास ते कळलं. डबा परत धाडायचा न्हाई, आमच्यात या डब्याची तशी रीत न्हाई. पिराजीनं तो वाटंतच टाकला.

तू लिवलेलं दोनदा वाचलं. तिनं तुला चिठ्ठी दाखवली न्हाई म्हणतोस. मग मी पण काय सांगत न्हाई. ते बाप-लेकीतलं हाय, तुला कळायचं न्हाई.

तू खाल्लास त्याचा काय उपेग न्हाई. ते तिचं हुतं. दुसऱ्यासाठी मांडलेलं खाऊनच तू वाढलास, त्यामुळं तुला त्याचं काय वाटलं न्हाई, त्यात तुझा दोष धरत न्हाई मी. पण डबा तिच्यासाठी येतोय आणि तिनंच खायला पायजे. अमावास्येला पिराजी परत येईल. तुझ्या हातानं भरव तिला. बापाचं ऐकलं न्हाई तिनं, तुझं ऐकून घर सोडलं, मग तुझं ऐकून एक घास खाईल की.

खाल्लं की मला कळव. मग आबा म्हण, न्हाईतर काय पण म्हण.

गणपतराव


कोल्हापूर
२४ मार्च २०२३

आबा,

मी जिवंत हाय म्हणून लिहिते.

अमावास्येचा डबा आला. मी तो उचलून सरळ कचऱ्याच्या गाडीत टाकला. पुढचा पण टाकीन. तुम्हाला वाटत असंल मी भ्याले. भ्याले न्हाई, मला तुमचा संताप येतोय. शिव्या दिल्या असत्या, दारात येऊन मारलं असतं, तर सोसलं असतं. तुम्ही माडगं धाडलंत. आई गेल्यावर शाळेतनं आले की तुम्ही वाटीत जे वाढत हुता तेच पत्रावळीवर मांडून मला धाडलंत. डब्याचं झाकण उघडलं की माझ्या तोंडाला पाणी सुटतं आणि त्याच क्षणी मळमळतं. हे असंच होणार ते तुम्हाला माहीत हुतं, म्हणूनच तुम्ही तेच निवडलंत.

मी खाणार न्हाई. तुमची भावकी बसू दे वाट बघत.

आता धवलचं. त्याला यातलं काही माहीत न्हाई. त्यानं आयुष्यात कुणाची राख सावडलेली न्हाई, त्याला मरायला कुणी हुतंच न्हाई. तीळ बघून त्याला काही सुचलं न्हाई ते म्हणूनच. मी सांगायला तोंड उघडलंतं, पण तो डबा पुसून खात हुता आणि मला म्हणाला, "वर्षा, तुझे आबा किती जपतात गं तुला." मग माझ्यानं सांगवलं न्हाई.

तुम्ही त्याला उष्टं खाणारा म्हणालात ते पत्र त्यानं मलाच वाचून दाखवलं. म्हणाला, "बघ, परक्यासारखं गोडगोड न लिहिता कसं मोकळं लिहितात." ते पत्र देवाच्या फोटोमागं ठेवलंय त्यानं. तुम्ही त्याला पावणं म्हणालात ते कामावर चार जणांना सांगून आला.

माझ्यावर काय राग काढायचा तो काढा, मी पुरून उरीन. त्याला मात्र यात ओढू नका. एवढं तरी ऐका माझं.

वर्षा


कोल्हापूर
२८ मे २०२३

आदरणीय आबा,

आधी बातमी देतो. तुम्ही आजोबा होणार आहात. वर्षा म्हणाली तिकडे कळवू नको, पण ही बातमी तुमच्यापासून लपवणं मला बरं वाटलं नाही.

आता माफी मागतो. अमावास्येचे डबे येतात, आणि वर्षा मला हातही लावू देत नाही. मी कामावर असताना टाकून देते. तुम्ही इतक्या लांबून पाठवता आणि त्याचं असं होतं, याची मला लाज वाटते. भरवायचा एकदा प्रयत्न केला तर तिनं माझा हात झटकला. घास खाली पडला तो तिनं कागदानं उचलला. इतका राग कशाचा ते ती सांगत नाही, आणि तुम्ही म्हणालात तसं मला कळतही नाही. वडिलांवर रागवायचं कसं असतं तेही मला ठाऊक नाही.

सध्या तिच्या पोटात काही ठरत नाही. चपातीच्या वासानंही उलटी होते, गालफडं बसलीत. डॉक्टर म्हणाले, जे खावंसं वाटेल ते द्या. मी विचारलं तर भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "माडगं." मग लगेच म्हणाली, "नको, काही नको."

आबा, माडगं कसं करतात ते मला सांगाल का? शेजारच्या काकूंना विचारलं, पण त्या सांगतात ते तुमच्यासारखं असेल असं वाटत नाही. सोपं असेल तर मी घरीच करीन. कूलर उघडून जोडता येतो, तर हेही जमेल. ती बारीक होत चाललीय आणि मला भीती वाटते.

तुमचा,
धवल


नेसरी
३ जून २०२३

पावणं,

माडग्याला काय लागतंय? पीठ, पाणी, मीठ, गूळ आणि लसूण. पोराटोरानं करावं इतकं सोपं हाय.

हुलगं भाजून भरडायचं आणि जात्यावर दळायचं. पण ते तुझ्यानं व्हायचं न्हाई, म्हणून पिठाची पिशवी पिराजीकडं दिलीया. बाजारचं पीठ वापरू नको. हे पीठ मी काल नदीवर नेऊन पानावर ठेवलंतं, हात जोडलंतं आणि परत आणलंय. आमच्याकडची रीत हाय ती. तिला सांगू नको माझं पीठ हाय म्हणून, न्हाईतर हट्टानं तोंड लावायची न्हाई. पोटात पोर असताना बाईनं उपाशी ऱ्हाऊ नये.

वाटीभर पीठ गार पाण्यात कालवून घे. ऊन पाण्यात कालवलंस तर गुठळ्या हुतात, आणि गुठळी दाताखाली आली की ती वाटी सारून देती. चार वाट्या पाणी उकळायला ठेव. त्यात मीठ, गुळाचा खडा आणि ठेचलेला लसूण टाक. पाण्याला उकळी फुटली की कालवलेलं धार धरून सोड, आणि मग हात थांबवायचा न्हाई. दाटसर झालं की खाली उतरव. वर थोडं दूध न्हाईतर तूप घाल.

माझा पयल्यांदा हात थांबलाता. तिची आई जाऊन आठ-पंधरा दिवस झालंतं आणि मी चुलीम्होरं बसून कुठं तरी बघत हुतो. माडगं बुडाला लागलं. पोरगी म्हणाली, "आबा, करपल्यालं पण बरं लागतंय." आणि खाल्लं तिनं सगळं. भांडं खरवडून खाल्लं.

वाटीत वाढ, ताटात नको. चमचा देऊ नको, ती बोटानं खाती. वाढून तिथंच बसून ऱ्हा, ती एकटी जेवत न्हाई.

खाल्लं की लगेच कळव.

गणपतराव


कोल्हापूर
१२ जून २०२३

प्रिय आबा,

खाल्लं. दोन वाट्या खाल्लं.

काल संध्याकाळी केलं. तुम्ही सांगितलं तसंच, आधी गार पाण्यात कालवून. हात एकदाही थांबवला नाही. वर्षा झोपली होती, वासानं उठून स्वयंपाकघरात आली. म्हणाली, "हे कुणी शिकवलं तुला?" मी म्हणालो, "काकूंनी." तुमच्यासाठी एवढं खोटं बोललो. तिनं पाट घेतला, भिंतीला टेकून बसली आणि बोटानं खाल्लं. पहिली वाटी संपली तेव्हा तिनं स्वतःहून दुसरी मागितली. खाताना हसत होती. लग्नाच्या दिवसानंतर मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

नंतर मला राहवलं नाही. वाटलं, आता राग गेला असेल तर श्रेय ज्याचं त्याला मिळावं. मी पिशवी दाखवली, तुमचं पत्र दाखवलं, पीठ नदीवर नेऊन पानावर ठेवून आणलंय हेही सांगितलं. तिनं पत्र उभ्यानंच वाचलं. मोरीपर्यंत गेली, तिथे भिंत धरून वाकून उभी राहिली, पण उलटी काढली नाही. मग वाटी आणि पातेलं घासलं. रात्र झाली होती तरी डोक्यावरून आंघोळ केली. ओले केस घेऊन माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आबांना कळव, पोचलं म्हणून."

मला वाटतं तिनं तुम्हाला माफ केलं. तुम्ही आता एकदा या.

तुमचा,
धवल


नेसरी
२ ऑगस्ट २०२३

वर्षा,

दीड-दोन महिने झालं, रोज लिवायला बसतोय आणि उठतोय.

तू खाल्लीस ते कळलं. भावकीला सांगायला गेलो, निवद पोचला म्हणून. बाळासोला तर आठवंना मी कशाबद्दल बोलतोय. "कुठला निवद?" म्हणाला, आणि उसाला पाणी कधी मिळणार त्याचं बोलायला लागला. ज्यांच्यासाठी मिशी काढली ती लोकं इसरून मोकळी झाली. मी तेवढा डबं धाडत हुतो.

डबं बंद केलेत. पत्रावळी बंबात घातल्या. संध्याकाळी चुलीम्होरं बसतो पण एकट्याला काय रांधावं ते सुचत न्हाई. परवा माडगं केलं, आणि म्हशीपुढं ठेवलं.

पयलं बाळंतपण माहेरात असतंय. तुझ्या आईची खोली झाडून घेतलीया, खाट वर उन्हात टाकून वाळवलीया. तुझ्या मालकाला पण घेऊन ये. गावाचं मी बघतो, कोण काय बोललं तर त्याच्या तोंडावर उत्तर द्यायला मी अजून उभा हाय. घरचं दूध हाय, तूप हाय, तुला डिंकाचं लाडू करून घालीन. झालं ते झालं.

ये.

आबा


कोल्हापूर
१४ ऑगस्ट २०२३

आबा,

मेलेलं माणूस बाळंतपणाला येत न्हाई.

मी खाल्लं की तुम्ही सुटणार हुता ना? सुटलात. आता खाट परत आत घ्या.

मला ते लय गोड लागलं, हे तुम्हाला मुद्दाम सांगते. कित्येक दिवसांनी पोटात काही तरी गेलं आणि ऱ्हायलं. दुसरी वाटी मी मागून घेतली. मग धवलनं पिशवी दाखवली. घशात बोट घालून सगळं बाहीर काढणार हुते, पण पोटातलं लेकरू आठवलं. ते पण उपाशी हुतं, आबा. ते पण माझ्याबरोबर तुमचा निवद जेवलं. पीठ नदीवर नेताना त्याची आठवण झालीती का तुम्हाला? तुम्ही आजोबा होणार हे धवलनं कळवल्यावर तुम्ही ती पिशवी भरलीत. ते पत्र वाचून भरलीत.

आणि त्याच्या हातनं वाढायला लावलंत. मी तुमच्या पाया पडून सांगितलंतं, त्याला यात ओढू नका. त्यानं मन लावून ढवळलं, एक गुठळी ऱ्हाऊ दिली न्हाई.

आता मी सांगते ते नीट वाचा. त्याला मी यातलं काही सांगितलेलं न्हाई. त्याला वाटतंय त्याला बाप मिळालाय. तो त्याला ऱ्हायला पायजे. तुम्ही त्याला दर महिन्याला पत्र लिहायचं. पावणं म्हणायचं, तब्येतीची चौकशी करायची, काही तरी सोपं रांधायचं कळवायचं. त्याला स्वयंपाकाची गोडी लागलीया, तुमचं माडग्याचं पत्र त्यानं चुलीशेजारी लावून ठेवलंय. लेकरू झालं की तो तुम्हाला सगळं कळवंल. कसं दिसतं, हसलं कधी, दात कधी आला. ते सगळं तुम्ही वाचायचं आणि गोड उत्तर धाडायचं. तो तुम्हाला बोलवत ऱ्हाईल. तुम्ही यायचं न्हाई. का येत न्हाई ते तुमचं तुम्ही शोधा, त्याला पटलं पायजे आणि त्याला वाईट वाटता कामा नये.

ज्या महिन्यात पत्र येणार न्हाई, त्या महिन्यात मी त्याला पयल्या डब्यापासनं सगळं सांगीन. मग त्याच्या लेखी पण तुम्ही मेलात. मग लेकराचं कळवायला तुम्हाला या जगात कुणी नसंल.

मला परत लिहू नका. मी उघडणार न्हाई.

वर्षाराणी


कोल्हापूर
२३ जून २०२४

प्रिय आबा,

तुमचं या महिन्याचं पत्र आणि कुळथाच्या पिठल्याची कृती मिळाली. केलं, छान झालं. वर्षानं चवीनं खाल्लं, पण कुणाची कृती ते विचारलं नाही. ती आता कधीच विचारत नाही.

मैथिली आता बसते. सोडलं की एका बाजूला कलंडते, पण रडत नाही, स्वतःशीच हसते. काकू म्हणतात कपाळ आणि कान तुमच्या घरचे असणार. मला तुमचे कान आठवत नाहीत, म्हणून मी वर्षाकडे बघितलं. ती म्हणाली, "हो, त्यांचेच आहेत."

येत्या सात जुलैला तिचं उष्टावण आहे. बाळाला पहिला घास मामानं किंवा आजोबांनी भरवायचा असतो, असं काकूंनी सांगितलं. मामा नाही, म्हणजे तुम्हीच. बारशाला तुमचे गुडघे धरले होते, संक्रांतीला म्हैस व्यायली, उन्हाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी कधी हट्ट केला नाही. या वेळी करतोय. तुम्हाला एसटीचा त्रास नको, मी मित्राची गाडी घेऊन शनिवारी स्वतः न्यायला येतो. वर्षाला विचारलं, येतील का गं ते. ती म्हणाली, "लिहून बघ की."

आबा, मला भरवायला कोण आलं होतं ते मला माहीत नाही. बहुतेक कुणी नसेलच. माझ्या मुलीला तिच्या आजोबांनी भरवलं, एवढं मला डोळ्यांनी बघायचंय.

तुमचा,
धवल


नेसरी
१ जुलै २०२४

पावणं,

पत्र मिळालं. मैथिली बसाय लागली हे वाचून बरं वाटलं. कलंडती म्हणून उशी लावत बसू नका, आपोआप सावरंल.

न्यायला येऊ नका. शनिवारी मी घरी नसणार. शाहूवाडीकडं आमच्या मेव्हण्याच्या शेतात रोपलावण हाय, माणूस मिळंना म्हणून मला जायला लागतंय. तिकडं फोनला रेंज न्हाई. तुम्ही हेलपाटा घालून याल आणि दाराला कुलूप बघून जाल, म्हणून आधीच कळवतोय. मनाला लावून घेऊ नका. लावणी काय माणसासाठी थांबत न्हाई.

पिराजीकडं आजऱ्याचा घनसाळ तांदूळ दिलाय. दुकानातनं आणलाय, पिशवी बंद हाय, वर दुकानाची पावती पण ठेवलीया. वर्षानं विचारलं तर तेवढं दाखवा.

मूठभर तांदूळ आणि त्याच्या निम्मी मुगाची डाळ. दोन्ही कोरडंच जरा भाजून घ्या, मग धुवा. पाणी सढळ घाला. कुकरात नको, उघड्या पातेल्यात बारीक आचंवर शिजवा, म्हंजे वास घरभर जातोय आणि पोराला आधी वास कळतोय. पळीनं घोटून एकजीव करा. मीठ न्हाई, साखर न्हाई. वर कढवलेलं तूप घाला. नुसतं बोटाच्या टोकावर मावंल एवढंच घ्या. पयला घास ती जिभंनं बाहीर ढकलंल. तुम्हाला वाटंल आवडलं न्हाई, तसं नसतंय. पुसून घ्या आणि परत द्या. वर्षानं तीनदा ढकललंतं आणि चौथ्यांदा माझं बोटच चावलंतं, दात नव्हतं तरी.

आजोबाचा मान म्हणता, तर शेजारच्या काकूंचं मालक हाईत न्हवं? वयस्कर माणूस हाय, नीट आंघोळ करून येऊ दे. त्यांच्या मांडीवर बसवा आणि त्यांच्याच हातनं भरवा. लेकराला काय कळतंय कुणाचा हात हाय ते.

तुमचा,
आबा